सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स: जायच्या आधी सगळे जे विचारतात ते

स्कॉटलंडला राहत असल्यामुळे मे महिना उजाडला की पुण्याहून, ठाण्याहून, कधी न्यू जर्सीच्या चुलतभावाकडून सेंट अँड्र्यूज गावातल्या ओल्ड कोर्स या गोल्फच्या मैदानाबद्दल तेच तेच प्रश्न यायला लागतात. दरवेळी व्हॉट्सअ‍ॅपवर टाईप करून बोटं दुखतात म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. दर आणि वेळा दरवर्षी बदलतात, त्यामुळे निघायच्या आधी लिंक्स ट्रस्टच्या, म्हणजे मैदान सांभाळणाऱ्या संस्थेच्या, साईटवर एक नजर टाकाच.

मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही. तरी जाण्यात अर्थ आहे का?

आहे. उलट न खेळणाऱ्यांना इथे जास्त मजा येते असं माझं मत आहे, कारण खेळणारा माणूस दोन दिवस आधीपासून टेन्शनमधे असतो. समुद्र, दोन मैल लांब वाळूचा किनारा, १४१३ सालची युनिव्हर्सिटी, पडक्या कॅथीड्रलचे उंच सुळके आणि या सगळ्याला चिकटून गावाच्या अंगणात असावं तसं गोल्फचं मैदान. पहिला टी (जिथून पहिला फटका मारतात ती जागा) आणि अठराव्या होलचं ग्रीन (भोकाभोवतीचं आखूड गवत) दोन्ही रस्त्याला लागून आहेत, कठड्यावर कोपरं टेकवून कुणीही बघत उभं राहू शकतं. कुणाचा पट, म्हणजे भोकाकडे ढकललेला हलका फटका, हुकला की प्रेक्षकांतून "अरेरे" पण येतं, आणि ते बघायला गोल्फ यावं लागत नाही.

तिकीट किती?

बघायला शून्य. जमीन सार्वजनिक आहे, गेट नाही, वॉचमन नाही. मुंबईतल्या एखाद्या क्लबच्या कुंपणाबाहेरून आत डोकावायची सवय असलेल्या माणसाला हे पचायला जरा वेळ लागतो.

म्हणजे मालक कोण? तो रॉयल अँड एन्शंट क्लब ना?

नाही, आणि हा गैरसमज जवळजवळ प्रत्येकाचा असतो. पहिल्या टीच्या मागे जी दगडी बिल्डिंग फोटोत दिसते ती त्या क्लबची, १८५४ सालची, आणि ती खाजगी आहे, आत जाता येत नाही. क्लब १७५४ मधे २२ सरदार-जमीनदारांनी सुरू केला, १८३४ ला चौथ्या विल्यम राजाने त्याला रॉयल केलं, आणि बायकांना सभासद करून घ्यायला २०१४ साल उजाडावं लागलं. पण मैदान त्यांचं नाही. १९७४ मधे पार्लमेंटच्या कायद्याने लिंक्स ट्रस्ट झाला, तो हे सगळं बघतो. एकूण सात कोर्स आहेत: ओल्ड, न्यू, ज्युबिली, ईडन, स्ट्रॅथटायरम, बालगोव्ह आणि गावाबाहेरचा कासल. न्यू म्हणजे १८९५ चा बरं का, इथे नवीन म्हणजे एवढं नवीन.

रविवारी बंद असतो असं ऐकलं. मग रविवार टाळावा का?

अजिबात टाळू नका, खेळायचं नसेल तर मुद्दाम रविवारीच जा! रविवारी ओल्ड कोर्सवर गोल्फ नसतो, फक्त ओपनसारख्या मोठ्या स्पर्धेला अपवाद करतात. त्या दिवशी अख्खं मैदान गावाची बाग होतं, लोक कुत्री घेऊन येतात, पोरं धावतात, म्हाताऱ्या जोडप्यांचा रोजचा राऊंड असतो तो आज फेअरवेच्या (टीपासून ग्रीनपर्यंतचा गवताचा पट्टा) मधून होतो. टायगर वूड्स जिथून चालत गेला तिथून तुम्ही पण चालत जा, कुणी हटकत नाही. फक्त ग्रीनवर आणि बंकरमधे (वाळूचे खड्डे) उतरू नका, तशा पाट्या असतात आणि गावातले लोक डोळे वटारतात ते वेगळंच.

इतर दिवशी पण थोडं फिरता येतं. पहिलं आणि अठरावं होल आडवं कापत एक सार्वजनिक रस्ता समुद्राकडे जातो, ग्रॅनी क्लार्क्स वाइंड त्याचं नाव. जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या फेअरवेवरून बाबागाडी ढकलत आई चाललीये आणि टीवर चार अमेरिकन ती पार होईपर्यंत गप्प उभे, हे दृश्य इथे रोजचं. ओलांडायच्या आधी टीकडे बघा, आणि लांबून कुणी "फोर!" ओरडलं तर बॉल कुठे आहे ते शोधत बसू नका, डोकं झाकून खाली वाका.

लिंक्स म्हणजे काय? एकही झाड कसं नाही?

समुद्राची पुळण संपते आणि शेतीची जमीन सुरू होते त्याच्या मधला वाळूचा, उंचसखल, वाऱ्यावर पडलेला पट्टा. आपल्या कोकणात किनाऱ्यामागे जिथे सुरूचं बन असतं ती जागा डोळ्यासमोर आणा, फक्त सुरू काढून टाका आणि पाऊस चार महिन्यांऐवजी वर्षभर थोडा थोडा करा. त्या वाळूत पीक येत नाही, म्हणून शतकानुशतकं ती मेंढ्या, ससे आणि खेळणाऱ्या लोकांना सोडून दिलेली. पाणी झटकन मुरतं त्यामुळे जमीन कडक राहते, वर फेस्क्यू नावाचं बारीक चिवट गवत, आणि कडेला गॉर्सची काटेरी झुडपं, वसंतात पिवळीधमक फुलतात. बॉल त्यात गेला की तो तुमचा राहिला नाही.

आणि पहिल्यांदा बघणारे बरेच जण निराश होतात हे पण सांगून ठेवतो. टीव्हीवर अमेरिकेतले हिरवेगार, तळी-बिळी असलेले कोर्स बघून आलेल्या माणसाला हे माळरान वाटतं. उन्हाळा कोरडा गेला तर हिरवं सुद्धा नसतं, पिवळट दिसतं. इथल्या लोकांना तसंच आवडतं.

डिझाईन कुणी केलं?

कुणीच नाही, हीच तर गंमत आहे. सुरुवात कधी झाली ते नेमकं कुणालाच सांगता येत नाही, पण १४५७ साली दुसऱ्या जेम्स राजाने फुटबॉल आणि गोल्फ दोन्हीवर बंदी घातली होती कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून हेच खेळत होते, म्हणजे तेव्हाच डोकेदुखी होण्याइतका खेळ पसरलेला होता. १५५२ मधे आर्चबिशप हॅमिल्टनने सनद देऊन गावकऱ्यांचा लिंक्सवर खेळायचा हक्क मान्य केला. त्याच सनदेत ससे पाळायचं पण होतं, आणि पुढे तेच ससे अंगाशी आले. १७९७ मधे गावाचं दिवाळं निघालं, लिंक्स हातची गेली आणि सशांच्या व्यापाऱ्यांकडे आली. ते ससे मैदानभर बिळं करायला लागले, गोल्फवाले विरुद्ध ससेवाले असं कोर्टकचेऱ्यांसकट वीसेक वर्षं चाललं, शेवटी १८२१ मधे शेजारच्या स्ट्रॅथटायरमच्या चीप नावाच्या जमीनदाराने जमीन विकत घेतली म्हणून गोल्फ वाचला. १८९४ मधे कायदा होऊन गावाचा ताबा परत आला. एवढं भांडून ठेवलेली जमीन आहे, त्यामुळे फुकट फिरायला देतात त्यात उपकाराचा भाव नसतो, हक्काचा असतो.

अठरा होलचं गणित पण इथलंच. पूर्वी जायची ११ आणि त्याच वाटेने यायची ११ अशी २२ होल खेळायचे. १७६४ मधे पहिली चार जोडून दोन केली, ती जाताना दोन कमी आणि येताना दोन कमी, राहिली १८. बाकी जगाने नंतर तेच उचललं. पुढे गर्दी वाढल्यावर जाणारे आणि येणारे एकाच भोकासाठी समोरासमोर यायला लागले म्हणून ग्रीन रुंद करून प्रत्येकावर दोन भोकं केली. आज सात ग्रीन अशी जोडीची आहेत, आणि त्यांच्या नंबरांची बेरीज दरवेळी १८ येते: २ आणि १६, ३ आणि १५, असं ८ आणि १० पर्यंत. पोरं बरोबर असतील तर त्यांना हे शोधायला लावा, अर्धा तास शांतता मिळते. जाताना पांढरे झेंडे, येताना लाल.

नाव घ्यायचंच तर ओल्ड टॉम मॉरिसचं घ्या. १८६५ पासून मैदान त्याच्याकडे होतं, पहिलं आणि अठरावं ग्रीन त्याने केलं, अठराव्या होलला नाव त्याचंच आहे.

खेळायचं असेल तर नंबर कसा लागतो?

तीन-चार वाटा आहेत. पैसे असतील तर अधिकृत टूरवाल्यांचं हॉटेलसकट पॅकेज, महाग पण पक्कं. प्लॅनिंग असेल तर आधीच्या वर्षी ट्रस्टकडे अर्ज. आणि नशीब असेल तर बॅलट, म्हणजे रोजची सोडत. दोन ते चार जणांचा ग्रुप लागतो, खेळायच्या दिवसाच्या दोन दिवस आधी दुपारी २ च्या आत ऑनलाईन नावं टाकायची, त्याच संध्याकाळपर्यंत निकाल. म्हणजे सोमवारसाठी शनिवारी टाका. पैसे लागतात ते नंबर लागला तरच.

बॅलटमधे राजा-रंक एकच, आणि मला ते फार आवडतं. पण जून-जुलैमधे अर्जांचा पाऊस असतो, म्हणून गावात निदान तीन-चार रात्री राहा आणि रोज टाकत राहा. एप्रिलची सुरुवात किंवा ऑक्टोबरचा शेवट असेल तर शक्यता बरी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला डनहिल लिंक्स स्पर्धा असते, तेव्हा विसरा. हिवाळ्यात सगळ्यात सोपं आणि स्वस्त, पण तेव्हा फेअरवेवरून मारताना छोटी चटई खाली ठेवून मारावं लागतं, गवत वाचवायला. काही लोकांना त्यात अपमान वाटतो, मला नाही वाटत.

मी एकटाच आहे. ग्रुप नाही.

पूर्वी एकटे लोक ओल्ड पॅव्हिलियनच्या बाहेर रात्रभर थंडीत स्लीपिंग बॅग टाकून रांग लावायचे, त्याच्या शौर्यकथा अजून पबमधे ऐकायला मिळतात. २०२४ पासून ती रांग बंद. आता आदल्या दिवशी स्वतः तिथे जाऊन नाव नोंदवायचं, सोडत निघते, आणि नंबर लागला तर दोन किंवा तीन जणांच्या ग्रुपमधे तुम्हाला घालतात. एकट्याचं जमतं बऱ्याचदा. प्रत्यक्ष यावं लागतं म्हणून एडिंबराला बसून फोनवर होणार नाही.

हँडिकॅप लागतो का?

लागतो (हँडिकॅप म्हणजे तुमच्या खेळाची पातळी सांगणारा आकडा), प्रमाणपत्रासकट. इंडियन गोल्फ युनियनच्या सिस्टिममधला तुमचा हँडिकॅप चालतो, क्लबकडून प्रिंट घेऊन या, मोबाईलच्या बॅटरीवर विसंबू नका. ज्यांच्याकडे नाही त्यांना बालगोव्ह आहे, नऊ होलचा छोटा कोर्स, मुलं आणि नवशिके सगळे खेळतात.

एकूण खर्च?

ओल्ड कोर्सची उन्हाळ्यातली फी माणशी तीनशे पौंडांच्या वर आहे. कॅडी (बॅग उचलून बरोबर चालणारा, कुठे मारायचं ते सांगणारा माणूस) वेगळा, त्याची टिप वेगळी. हे रुपयात करून बघू नका, झोप उडेल. खेळायची हौस आहे पण खिसा नाही असं असेल तर न्यू किंवा ज्युबिली खेळा, तीच वाळू, तोच वारा, पैसे बरेच कमी, आणि इथले कितीतरी लोक खाजगीत सांगतात की न्यू जास्त चांगला आहे.

कॅडी घ्यावा का? बग्गी मिळते?

बग्गी नाही, चालायचंय. वैद्यकीय कारण असेल तर ट्रस्टला आधी विचारा. कॅडी सक्तीचा नाही पण पहिल्यांदा खेळत असाल तर घ्याच, कारण या कोर्सवर टीवरून काहीच दिसत नाही. समोर नुसता उंचवटा, त्यामागे काय आहे देव जाणे, आणि कॅडी सांगतो "ते दूरचं चर्चचं टोक बघ, तिकडे मार". ऐकायचं. पैसे रोख ठेवा. त्यांचे विनोद कोरडे असतात, वाईट वाटून घेऊ नका.

एवढं अवघड काय आहे त्यात? मैदान तर सपाट दिसतंय.

दिसतं सपाट. ११२ बंकर आहेत आणि त्यातले कित्येक टीवरून दिसतच नाहीत, वर गंमत म्हणजे बंकरना नावं आहेत: हेल, कॉफिन्स, प्रिन्सिपल्स नोज. भिंती उभ्या, गवताच्या थरांच्या. चौदाव्या होलच्या हेल बंकरमधून बाहेर यायला १९९५ च्या ओपनमधे जॅक निकलसला चार फटके लागले आणि त्या होलवर त्याचे १० झाले, आणि हा माणूस १९७० आणि १९७८ ला इथेच ओपन जिंकलेला. बॉबी जोन्स १९२१ मधे अकराव्या होलच्या बंकरमधे इतका वैतागला की राऊंडच सोडून दिला. मग १९२७ ला इथे जिंकला, आणि १९५८ मधे गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं, त्याच्या आधी हा मान मिळालेला अमेरिकन म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. दहाव्या होलला आता जोन्सचं नाव आहे. चिडून निघून गेलेल्या पाहुण्याला एवढं मोठ्या मनाने परत घेणारं गाव मी दुसरं पाहिलं नाही.

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे टायगर, २००० ची ओपन. चार दिवस, ७२ होल, एकाही बंकरमधे बॉल नाही, आठ फटक्यांनी जिंकला.

सतरावं होल म्हणजे रोड होल. टीवरून हॉटेलच्या आवारातल्या शेडवरून, म्हणजे चक्क इमारतीच्या कोपऱ्यावरून बॉल मारायचा. पूर्वी तिथे रेल्वेच्या शेड होत्या. पुढे ग्रीनच्या डाव्या हाताला खोल बंकर आणि मागे खराखुरा रस्ता आणि दगडी भिंत, रस्त्यावर बॉल गेला तर तिथूनच मारा. १९७८ मधे जपानचा नाकाजिमा ग्रीनवर पोचला होता, पट मारताना बॉल घरंगळत त्या बंकरमधे गेला, होलवर ९ झाले.

आमच्यासारख्या साध्या खेळाडूंसाठी एकच सल्ला: शंका आली की डावीकडे मारा. उजवीकडे गॉर्स आहे, हद्द आहे, दुःख आहे. आणि ग्रीनजवळ आलात की बॉल हवेत उडवायचा मोह टाळा, पटरने जमिनीवरून ढकला, अगदी तीस यार्ड लांबून सुद्धा. दिसायला बरं दिसत नाही पण चालतं.

वाऱ्याचं काय? किती कपडे न्यावेत?

जुलै असला तरी स्वेटर आणि वारा अडवणारं जॅकेट. छत्री आणू नका, उलटी होते. जूनमधे रात्री दहापर्यंत उजेड असतो हा मोठा फायदा, संध्याकाळी सात नंतर बसवाले पर्यटक गेले की मैदान बघायला सगळ्यात सुंदर, तिरप्या उन्हात जमिनीच्या सुरकुत्या दिसतात त्या दुपारी दिसत नाहीत.

त्या छोट्या दगडी पुलावर फोटो काढता येतो का?

स्विल्कन ब्रिज. सातशे वर्षांचा तरी असेल असं सांगतात, मेंढपाळांनी जनावरं न्यायला बांधलेला. निकलसने २००५ मधे निरोप घेतला तो त्याच्यावर उभं राहूनच. खेळत असाल तर अठराव्या होलवर तुमचा तुम्ही काढालच. नुसतं बघायला आला असाल तर रविवारी जा, लाईन असते पण सरकते. बाकीच्या दिवशी खेळ चालू असताना मधे घुसू नका, तो खेळणारा आयुष्यभर पैसे साठवून आलेला असू शकतो. २०२३ मधे पुलाच्या तोंडाशी गवत टिकत नाही म्हणून फरशीसारखे दगड बसवले होते, जगभरातून एवढा आरडाओरडा झाला की काही दिवसांत काढून टाकले.

हिमालयाज काय आहे? कुणीतरी सांगितलं जाच.

जाच! ओल्ड कोर्सच्या शेजारी नुसतं पटिंगचं मैदान आहे, इतकं उंचसखल की नाव हिमालयाज. १८६७ मधे बायकांसाठी सुरू झालेला क्लब, कारण त्या काळात बाईने खांद्याच्या वर हात नेऊन फटका मारणं सभ्य समजत नसत. आज मोसमात कुणीही थोड्या पौंडात खेळू शकतं, पटर आणि बॉल तिथेच देतात. क्लबच्या बायकांच्या वेळा राखीव असतात तेवढ्या बघून जा. सत्तरीतली आजी आणि आठ वर्षांचा नातू एकाच खेळात, आणि आजी जिंकते. तीनशे पौंडवाल्या राऊंडपेक्षा इथे हसण्याचे आवाज जास्त येतात.

एडिंबराहून कसं जायचं?

सेंट अँड्र्यूजला आता रेल्वे स्टेशन नाही, १९६९ मधे बंद झालं. ट्रेनने ल्यूकर्सला उतरायचं, साधारण तासाभराचा प्रवास, आणि स्टेशनबाहेरून ९९ नंबरची बस, पंधरा मिनिटांत गावात. जाताना उजव्या बाजूच्या खिडकीत बसा, फोर्थ ब्रिज ओलांडला की पुढे बराच वेळ समुद्र दिसतो. थेट बस पण आहे, वेळ जास्त. भारतातून येणाऱ्यांना यूकेचा व्हिजिटर व्हिसा लागतो, शेंगेन चालत नाही, हे दरवर्षी कुणालातरी सांगावं लागतं.

गावात अजून काय बघायचं?

कॅथीड्रलच्या आवारातली दफनभूमी. तिथे ओल्ड टॉम आणि त्याचा मुलगा यंग टॉम दोघं आहेत. बाप चार वेळा ओपन जिंकला, पोरगा लागोपाठ चार वेळा, १८६८, ६९, ७०, मधे एक वर्ष स्पर्धाच झाली नाही आणि मग ७२. सप्टेंबर १८७५ ला बाळंतपणात त्याची बायको आणि बाळ गेलं आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी तो गेला, वय २४. भिंतीतल्या दगडात तो फटका मारायला वाकलेला कोरलाय. बाप त्याच्यानंतर बत्तीस वर्षं जगला.

क्लबहाऊसच्या समोर गोल्फचं म्युझियम आहे, तिकीट आहे. चामड्यात पिसं ठासून भरलेले जुने बॉल आहेत तिथे, एका बॉलला हॅटभर पिसं लागायची.

शाकाहारी जेवण?

मिळतं, स्टुडंट्सचं गाव आहे त्यामुळे व्हेगन सुद्धा, भारतीय रेस्टॉरंट पण आहेत. जॅनेटाजचं आईस्क्रीम आणि फिशर अँड डोनाल्डसनचा फज डोनट हे दोन्ही थंडी असली तरी खायचं, जेलाटीन-अंडं टाळणाऱ्यांनी मात्र काउंटरवर विचारून घ्या.

ओपन बघायला यावं का?

पुढची इथली ओपन २०२७ ची, १५५ वी. तिकिटं ऑनलाईन सोडतीने जातात आणि गावातल्या खोल्यांचे भाव वेड्यासारखे वाढतात, डंडीला राहा. २०१५ च्या इथल्या ओपनला पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी खेळला होता, तेव्हा आपली बरीच मंडळी कठड्यापाशी दिसली. पण मैदान बघायचंच असेल तर ओपनच्या आठवड्यात नका येऊ, स्टँड आणि तंबूंच्या मागे ते दिसतच नाही.

फिरताना बॉल सापडला तर घ्यायचा का?

गॉर्समधे पडलेला, आसपास कुणी शोधत नसेल तर लोक घेतात. फेअरवेवर पडलेला असेल तर हात लावू नका, मागून कुणीतरी तो खेळायला येतंय.